चढ म्हणावं की उतार?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी माध्यमातल्या भाचीला गणित शिकवताना ‘स्लोप-इंटरसेप्ट फॉर्म’ला, म्हणजे सरळ रेषेचं समीकरण लिहिण्याच्या एका पद्धतीला, मराठीत काय म्हणायचं? आणि स्लोप म्हणजे उतार, मग मराठी पाठ्यपुस्तकात ‘रेषेचा चढ’ कसा?

आधी दुसरं घेतो, कारण गंमत तिथेच आहे. इंग्रजी स्लोपला वर-खाली दोन्ही चालतं. आपल्याकडे घाटात एकतर चढ लागतो नाहीतर उतार. ‘ढाळ’ हा छान शब्द आहे, पण मोरीला ढाळ काढणाऱ्या गवंड्याच्या डोक्यात पाणी खालीच जायचं असतं. हिंदीत ‘प्रवणता’ चालते. मराठीत तो शब्द वाचला की मला दरडप्रवण गाव आणि अपघातप्रवण वळण आठवतं. मग उरला चढ. आलेख आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. तसं चालताना रेषा वर गेली तर चढ धन, खाली आली तर ऋण.

‘ऋण चढ’ कानाला खटकतो हे कबूल. पण खाली येणाऱ्या रेषेला ‘उतार’ म्हटलं तर उणे चिन्हाचं काम शब्दच करून टाकतो, आणि मग ‘उतार उणे २’ म्हणजे वर की खाली, यावर वर्गात भांडण. काश्मीरात पारा उणे पाचवर गेला तरी आपण त्याला तापमानच म्हणतो की! तसाच हा चढ.

आता इंटरसेप्ट. पाठ्यपुस्तकी शब्द ‘आंतरछेद’, म्हणून शब्दाला शब्द लावून ‘चढ-आंतरछेद रूप’ : य = म क्ष + क (इंग्रजीत y = mx + c). यात म हा चढ, आणि रेषा य-अक्षाला जिथे कापते तिथली उंची क. शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. भूमितीत समांतर रेषा छेदिकेवर (त्यांना कापणाऱ्या रेषेवर) आंतरछेद करतात तेव्हा तो रेषेचा तुकडा असतो. त्याला लांबी असते आणि लांबी कधी उणे नसते. इथे मात्र क खुशाल उणे असतो. त्यात ‘छेद’ म्हटलं की मुलांना अपूर्णांकाचा खालचा आकडा दिसतो. चढ ३/२ असेल तर ‘छेद किती?’ याला ‘दोन’ हे उत्तर येणारच, आणि त्यात मुलाची चूक नाही. भाचीला सुरुवातीला सरळ ‘य-अक्ष कुठे कापला?’ असं विचारा. आंतरछेद मागाहून सांगा.

रूपं वेगवेगळी का, हे रिक्षात कळतं. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर होता पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. म्हणजे एक बिंदू आणि एक चढ, गणिताच्या भाषेत ‘बिंदू-चढ रूप’ : य − २६ = १७.१४ (क्ष − १.५). कंस सोडवला की य = १७.१४ क्ष + ०.२९. आंतरछेद २९ पैसे! ते कुणी कुणाला देत नाही, कारण दीड किलोमीटरच्या आत आलेख सपाट असतो. तिरकी रेषा सुरू होते (१.५, २६) या बिंदूपाशी, आणि ती ठिपक्याठिपक्यांनी मागे वाढवली तरच य-अक्षाला २९ पैशांवर कापते. मग हे पैसे आले कुठून? १७.१४ ची दीडपट २५.७१, तिचे पूर्ण रुपये केले २६. टॅक्सीचं करून पाहा: ३१ रुपये आणि २०.६६. तिथे उरतो एक पैसा.

सामान्य रूप, अ क्ष + ब य + क = ०, दिसायला नेटकं; पण त्यात ना चढ वर दिसतो ना आंतरछेद, आणि इथला क हा मघाचा क नव्हे. चढ हवा तर −अ/ब करावं लागतं. ब शून्य असेल तर रेषा उभी, भिंतीसारखी. तिचा चढ काढताच येत नाही.

जाता जाता, ‘लिनिअर’ला ‘रेषीय की रैखिक’ असंही काहीजण विचारतात. वर्षावरून वार्षिक, तसं रेखावरून रैखिक. व्याकरणाने बिनचूक, हिंदीत रुळलेलं. पण आपण भूमितीत रेषा काढतो, म्हणून रेषीय. रेखा आपण हस्तरेखेला, रेखाचित्राला ठेवली आहे. ‘एकघाती’ म्हणालात तरी समीकरण तेच, फक्त ते नाव आलेख न काढताही देता येतं.