‘काय वहिनी, यंदा कुणाची हळद?’

ताई, तुम्ही विचारलंय की घरून हळद-बेदाणा विकताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रिय ग्राहक’ कोरडं वाटतं, मग ‘काय दादा, काय वहिनी’ लिहिलं तर आगाऊपणा होईल का. होतो. मी केलाय.

सांगलीत माझं छोटं दुकान आहे. एका मार्चला नवी हळद आली, लग्नसराई तोंडावर होती. हौसेनं ब्रॉडकास्ट टाकला, ‘काय वहिनी, यंदा घरात कुणाची हळद?’ एका बाईंचं उत्तर आलं: ‘मुलीचं लग्न परवाच मोडलं. तुम्हाला कुणी सांगितलं?’ ब्रॉडकास्ट म्हणजे ग्रुप नव्हे, एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना जातो, पण ज्याला त्याला एकट्याला लिहिल्यासारखा दिसतो. त्यांना तो टोमणाच वाटला. फोन करून माफी मागितली, पण त्या परत दुकानात आल्या नाहीत. गल्ल्यावर बसून हेच वाक्य मी शंभरदा बोललोय, तिथं समोरचा चेहरा बघून जीभ आपोआप आवरते.

तेव्हापासून नातं लावत नाही, ‘तुम्ही’ सोडत नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक जे विचारतं तेच लिहितो. ‘नवी राजापुरी हळद आली. काल दळली. वास उग्र आहे, भाजीत जरा बेतानं घाला.’ एवढंच. ‘उच्च दर्जाच्या उत्पादनाचा लाभ घ्यावा’ असं आपण आईशी बोलतो का? आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी मुद्दाम ‘काय रावं’ घालू नका, मालिकेतला गडी बोलतोय असं वाटतं.

ब्रॉडकास्टच्या एका यादीत जास्तीत जास्त 256 जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणून पहिल्या पार्सलमध्ये नंबर सेव्ह करायची चिठ्ठी घाला.

पाकिटावर मात्र लाडीगोडी नको. वजन, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) नंबर सरळ छापा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्याच भागाचा असल्याची सरकारी ओळख) मिळालं, पण त्याचं चिन्ह पाकिटावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते.

बेदाण्याचं विचारतील, पिवळा एवढा चकचकीत कसा? गंधकाची धुरी देतात, म्हणून सांगून टाका. मी सांगतो. काहीजण मग काळा मनुका मागतात, तो देतो.