केमो चालू असताना मुलाच्या तोंडाची काळजी कशी घ्यावी? ब्रश बंद ठेवावा का?

ताई, तुमच्या सहा वर्षांच्या मुलाची परळला रक्ताच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे, तोंड आलंय, लाळ चिकट झालीय आणि हिरड्यांतून रक्त येईल या भीतीने तुम्ही ब्रश थांबवलाय, असं लिहिलंत. मी मुंबईतच लहान मुलांचे दात तपासते. त्याच्या डॉक्टरांनी मुद्दाम मनाई केली नसेल, तर ब्रश आजच सुरू करा. अगदी मऊ, लहान डोक्याचा घ्या. प्लेटलेट फार उतरल्या तर काही दिवस ब्रशऐवजी ओल्या गॉजने पुसायला सांगतात, पण तोंड अस्वच्छ कधीच ठेवायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना दातांवरचे जंतू तोंडातल्या जखमेतून थेट रक्तात शिरू शकतात. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

लाळ एरवी दात धूत असते. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात. केमोत अनेक मुलांची लाळ कमी आणि दाट होते, आणि मग कीड झपाट्याने लागते. त्यात औषधाची गोड सिरप, आणि भेटायला येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेली ग्लुकोजची बिस्किटं! बिस्किटाचा लगदा दातांना चिकटून बसतो, तो धुऊन न्यायला लाळ उरलेली नसते. म्हणून सिरप दिल्यावर लगेच साध्या पाण्याची चूळ, आणि दिवसभर उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट.

चूळ थुंकता येत असेल तर कपभर कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा द्या. अल्कोहोलवाला माउथवॉश नको. गावाकडून कुणी टाकणखार (बोरॅक्स) मधात कालवून लावायला सांगेल, तो अजिबात लावू नका. पोटात गेला तर लहान मुलाला विषारी ठरतो. खायला गार, पातळ पेज, गुरगुट्या भात. तिखट आणि लिंबू बंद.

जीभ-गालावर पांढरे डाग, न थांबणारं रक्त, पाणीही गिळता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर वॉर्डला फोन करा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी निघा.

आणखी एक. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असेल तर दात धडधाकट असूनही जबडा किंवा दाढ ठणकू शकते. मूल नाटक करत नाही, दुखतं म्हणाला की डॉक्टरांना सांगा. या वयात कायमचे दात हाडात घडत असतात, त्यामुळे पुढे एखादा दात लहान किंवा आखूड मुळाचा येऊ शकतो. उपचारांची फाइल जपून ठेवा आणि पुढे दातांच्या प्रत्येक डॉक्टरला आधी तीच दाखवा.