ट्रान्सफॉर्मरचं तेल कोकणात थिजेल का?

प्रश्न : रत्नागिरीत आमचा बर्फाचा कारखाना आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या अहवालात ‘पोअर पॉइंट उणे ९ अंश’ लिहिलंय. हे चालेल का? कारखान्यात ही चाचणी करता येईल का? – एक वाचक

उत्तर : चालेल. पोअर पॉइंट म्हणजे तेल वाहू शकतं ते सर्वांत कमी तापमान. ट्रान्सफॉर्मर तेलाचं भारतीय मानक असलेल्या आयएस ३३५ च्या १९९३ च्या आवृत्तीत त्याची कमाल मर्यादा उणे ६ अंश होती, आणि किनाऱ्यावर भर पौषातही पारा शून्याच्या जवळपास जात नाही. तरी हा आकडा दुर्लक्षू नका, त्यावरून तेलाची जात कळते. नॅफ्थेनिक तेल साधारण उणे ४० पर्यंत वाहतं. पॅराफिनिक तेलात मेण असतं, थंडीत त्याच्या स्फटिकांचं जाळं तयार होऊन तेल अडतं. तुमचं बहुधा दुसऱ्या जातीचं आहे. टॉप-अप करण्याआधी पुरवठादाराला जात विचाराच.

कारखान्यात पूर्ण चाचणी होणार नाही, पण उणे ६ पर्यंत पडताळता येईल. तेल सपाट बुडाच्या काचेच्या नळीत खुणेपर्यंत भरा, ४५ अंशांपर्यंत तापवा, मग तेलात थर्मामीटर ठेवून थंड होऊ द्या. नळी जॅकेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या मोठ्या रिकाम्या नळीत, ठेवून आधी बर्फ-पाण्यात धरा. तेल ९ अंशांवर आलं की उणे १८ च्या बर्फ-मिठाच्या मिश्रणात हलवा. बर्फाच्या टाकीतलं मिठाचं पाणी वापरू नका, ते उणे १० च्या आसपासच असतं. खडेमीठ बारीक करून कुटलेल्या बर्फात मिसळा. वजनाला एक भाग मीठ, तीन भाग बर्फ.

शून्यापासून दर ३ अंशांनी नळी काढून हलकेच तिरकी करा. तेल हललं की लगेच परत ठेवा. हललं नाही तर ५ सेकंद आडवी धरा. तरीही हललं नाही, तर त्या तापमानात ३ मिळवा, तो पोअर पॉइंट. उणे ६ लाही वाहिलं तर तेल जुन्या मर्यादेत आहे. पुढे उणे ३३ चं बाथ (थंड मिश्रण) लागतं, तिथे प्रयोगशाळाच बरी.

थर्मामीटर मध्येच ढवळला तर मेणाचं जाळं मोडतं आणि पोअर पॉइंट खोटाच कमी येतो. इथल्या दमट हवेत नळीवर दव धरतं. ते स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, नाहीतर आतलं तेल हललं की नाही ते दिसतच नाही.

खरी काळजी ओलाव्याची घ्या. ब्रीदरमधलं (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातलं) निळं सिलिका जेल गुलाबी झालं की बदला, खालच्या कपात तेल आहे ना ते बघा, आणि पावसाळा संपला की २.५ मिमी गॅपवर बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते) तपासून घ्या. नमुना कोरड्या बाटलीतच घ्या, आणि तोही ट्रान्सफॉर्मर बंद करून, परवानाधारक माणसाकडूनच.