सगळं रविवारवर, आणि रविवार एकच

“मॅडम, माझं डोकंच चालेना झालंय बघा. आईला डिमेन्शिया होता, मलाही तेच व्हायला लागलंय का?”

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत अकाउंट्स बघणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका बाईंचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). सासूबाईंची शुगर तपासणी दोनदा हुकलेली, गाडीचा विमा संपून गेलेला. हा धसका घेऊन माझ्याकडे येणारे बरेच असतात.

आधी बघायचं ते काय विसरलं आणि कसं. यांना सगळं आठवत होतं, फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर. ऑफिसात जीएसटीचा आकडा चुकत नव्हता. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजचे पैशाचे व्यवहार न जमणं, असं असेल तर थेट डॉक्टरांकडे जावं. विसरण्याचं कारण तिथं नाही ना, म्हणून यांना बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्यायला सांगितलं होतं. दोन्ही ठीक निघालं.

मग मोबाईलमधली यादी उघडली. ‘गाडी. आईंचं ब्लड. बँक.’ सगळं रविवारवर टाकलेलं. गोम इथंच होती. ‘गाडी’ हे एक काम नाही. विम्याचं नूतनीकरण घरबसल्या होतं, आणि ते पहिलं, कारण विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं बेकायदा. मुदत संपून ९० दिवस व्हायच्या आत केलं तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टिकतो, मात्र कंपनी गाडीची तपासणी मागू शकते. पीयूसी आणि टायरची हवा ही जाता-जाताची कामं. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि स्टेपनीचीही बघायची. सर्व्हिसिंगला मात्र अख्खा दिवस जातो. उद्यमनगरातला मेकॅनिक ‘संध्याकाळी देतो’ म्हणाला की गाडी दुसऱ्या दिवशी मिळेल असं धरून चालावं, आणि त्या संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेऊ नये.

तपासणी का हुकली? पहिल्यांदा सासूबाईंनी सकाळी चहा घेतला. उपाशीपोटीच्या रक्तासाठी आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही चालत नाही, आणि हे त्यांना आदल्या रात्री कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा जेवणानंतरचं रक्त राहिलं. ते पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी द्यायचं असतं. म्हणजे या कामाची सुरुवात लॅबमध्ये नाही, आदल्या रात्री चहाच्या डब्यावर चिठ्ठी लावण्यात आहे. लॅब राजारामपुरीत, नणंदेचं घरही तिथंच. मधले दोन तास सासूबाई नाश्ता करून तिथं बसतील, तेवढ्यात पीयूसी आणि हवा उरकेल.

पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं. मॅसिकाम्पो आणि बॉमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत पुढचं दिसलं: काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी, कुठे, कसं करायचं हे ठरवलं की त्याचं डोक्यात घोळणं कमी होतं. म्हणून यादीत ‘बँक’ नको. ‘मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंचं केवायसी, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स पर्समध्ये’ असं हवं.

पहिला आठवडा तरीही कोलमडला. बुधवारी ऑडिटर आले आणि आखणीत एकही संध्याकाळ रिकामी नव्हती. पुढच्या आठवड्यापासून गुरुवारची संध्याकाळ मोकळी ठेवली, सटरफटर कामांसाठीसुद्धा नाही.

नवऱ्याचं म्हणणं, “सांग की, मी करतो की.” पण सांगण्यासाठी लक्षात ठेवायचं बाईंनीच. त्यामुळे विमा आणि पीयूसी तारखांसकट त्यांच्याकडे गेलं, पंधरा दिवस आधीचा अलार्मही त्यांच्याच मोबाईलवर. अवघड गेलं ते बाईंना, रोज ‘झालं का?’ न विचारणं.

सर्व्हिसिंग मुद्दामच पुढच्या महिन्यावर टाकलं. त्यांच्या गाडीला ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचं होतं, आणि दोन्हींना अवकाश होता. वायपर तेवढे पावसाच्या आधी बदलून घेतले.