कूलर, सांबार आणि सतरा खोकी

प्रश्न : काकू, ह्यांची बदली झाली आणि ३ मेला आम्ही चिपळूणहून नागपूरला आलो. मनीषनगरात चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली, घर मिळालं. सतरा खोकी आली, त्यातली अकरा अजून तशीच आहेत. हे सकाळी नऊला जातात ते रात्री आठला उगवतात. मी डबे-धुणं आटपून अकराला खोकी उघडायला बसते आणि बाराला डोकं धरून आडवी होते. कूलर घेतला, खोलीत ठेवला, दारं-खिडक्या लावून घेतल्या, तरी गार म्हणून वाटत नाही, उलट चिकचिकतं. मुलगी सहावीत जाईल, मुलगा तिसरीत. दिवसभर मोबाइल, नाहीतर मारामारी. जुन्या शाळेने दाखला अजून दिलेला नाही, कारकून गावाला गेलेत म्हणे. सासूबाई ७२ वर्षांच्या. 'मला इथं कोंडून घातलंय' असं नणंदेला रोज फोनवर सांगतात. आणि परवा भाजीवाल्याने विचारलं, 'ताई, सांबार देऊ का?' मी म्हटलं, 'नको, आज इडली नाही केली.' सगळा ठेला हसला. आमचं घर लागणार तरी कधी?
— खोक्यांमधली, मनीषनगर

उत्तर : अगं, आधी सांबार. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. टरबूज म्हणजे आपलं कलिंगड, मुंगण्याच्या शेंगा म्हणजे शेवगा, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. ठेला हसला ते चांगलंच झालं. आता भाजीवाला तुला विसरायचा नाही.

मी १९९१ च्या मे महिन्यात सावंतवाडीहून इथे आले. कोकण रेल्वे नव्हती तेव्हा. कोल्हापूर गाठायचं आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. खिडकीला ओला पंचा बांधला होता, तो दर अर्ध्या तासाने कडकडीत वाळायचा. आल्या आल्या तू केलंस तेच मी केलं. कूलर खोलीच्या मधोमध, दारं-खिडक्या बंद. कोकणात कूलर पाहिला होता कुणी! तिसऱ्या दिवशी गादीला कुबट वास, डब्यातले पापड मऊ. शेजारच्या मावशी डोकावल्या नि म्हणाल्या, 'काहून वो, कूलरले कोंडून काहून ठेवलं? बाहेरून लाव नं त्याले.'

कूलर म्हणजे एसी नव्हे. बाहेरची कोरडी झळ ओल्या गवतातून आत येते, तेवढ्यात पाणी उडतं आणि हवा गार होते. खोलीत कोंडलास की तीच ओली हवा पुन्हा पुन्हा त्यातून फिरते. मग पाणी उडणार कुठे? म्हणून कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेव आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेव. गवताच्या ताट्या जुन्या असतील तर बदलून घे. वाळ्याच्या मिळाल्या तर सासूबाईंच्या खोलीला लाव, रात्री सुंदर वास येतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. लोखंडी कूलरला करंट उतरतो. घरातलं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घे आणि मुलांना ओल्या हाताने जवळ फिरकू देऊ नकोस. यात हयगय नको.

आता खोकी. तू चिपळूणच्या घड्याळावर जगते आहेस. इथे सूर्य तिथल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो, साडेपाचला लख्ख उजाडलेलं असतं. पाचला उठ. साडेआठपर्यंत स्वयंपाक आणि दोन खोकी, बास. अकरा ते पाच पडदे ओढून पडायचं, आणि त्याची लाज बाळगायची नाही. सारं नागपूर तेच करतं. रात्री आठला हे आले की तिसरं खोकं त्यांच्यापुढे ठेव (खुर्चीत बसायच्या आत, एकदा बसले की संपलं). २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होईल, त्यांत खोकी उघडायचं नावही काढू नकोस. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो दुपारचा शुकशुकाट मी पाहिलाय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

चौथ्या मजल्यावर आणखी एक गंमत कळली असेलच. दुपारी नळाला चहाचं पाणी येतं. त्यामुळे बादल्या आणि माठ पहाटेच भरून ठेवायचे. गच्चीवर चुना मारून द्यायला घरमालकाला सांग. कुरकुर केली तर स्वतः मार. वर्षाचं भाडं देतेस, त्या मानाने चुना स्वस्त.

दाखल्याची काळजी करू नकोस. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय, दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. नव्या शाळेत शांतपणे तेवढं सांग, आणि जुन्या शाळेला लेखी अर्ज करून पोच घे. शिवाय उन्हामुळे विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिराने उघडतात, म्हणजे हातात वेळ आहे. सीबीएसईची शाळा बघत असशील तर मात्र त्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, उद्याच जाऊन विचार.

मुलांना दुपारी घराबाहेर काढायचंच झालं तर मेट्रोत बसव. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जायचं नि परत यायचं. गार डबा, खाली अख्खं शहर. सीताबर्डीला गाडी बदलून दुसऱ्या मार्गावर जाता येतं. सीताबर्डीला इथे नुसतं बर्डी म्हणतात, तेही मुलांना शिकव. एखाद्या दिवशी अजब बंगला दाखव. ते १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, पण त्या नावाने विचारशील तर रिक्षावाला तुझ्याकडे बघतच राहील. संध्याकाळी साडेसहानंतर फुटाळा तलावावर. एवढं पाणी बघून कोकणातली मुलं नाक मुरडतील, ते मनावर घेऊ नकोस.

सासूबाईंचं मात्र तुला वाटतं तितकं अवघड नाही. माझ्याही सासूबाई आल्यावर पंधरा दिवस गप्प होत्या. मग एका पहाटे त्यांनी गव्हाचा चीक शिजवून गच्चीत कुरडया घातल्या आणि संध्याकाळी बघतात तर खडखडीत! कोकणात तीन-तीन दिवस वाळवण आत-बाहेर करायचं, वर एक डोळा ढगांवर. इथे एका दिवसात काम फत्ते. त्या रात्री त्यांनीच गावी फोन लावला आणि इथल्या उन्हाचं कौतुक असं केलं, जणू ते त्यांनीच पाडलंय. दुसऱ्या दिवशी सोऱ्या मागायला खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, त्या पुढे रोजच येऊ लागल्या. तेव्हा सोऱ्या असलेलं खोकं उद्या पहिलं उघड. सासूबाईंना पहाटे सहा ते साडेसात गच्ची द्यायची, त्यानंतर खाली. पन्हं, ताक, आमसुलाचं सार चालू ठेव. रक्तदाबाची गोळी घेत असतील तर पाणी-मीठ किती घ्यावं ते इथल्या डॉक्टरांना विचारून घे. आणि कधी अंग तापून त्या असंबद्ध बोलायला लागल्या, तर कांदा-बिंदा लावत बसू नकोस, सरळ दवाखाना.

घर कधी लागणार म्हणतेस? माझं एक खोकं १९९१ पासून माळ्यावर आहे. त्यात काय आहे, ते मला आठवत नाही.

प्रश्न : आम्ही अकोल्याहून जूनमध्ये ठाण्याला जातोय. मोठा लोखंडी कूलर आहे, ट्रकमध्ये जागाही आहे. न्यावा का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : विकून या. ठाण्याची हवा आधीच ओली, तिला आणखी पाणी पाजून काय होणार? तिथे माठसुद्धा अकोल्यासारखा गार होत नाही. त्या जागेत तुरीच्या डाळीचं पोतं ठेवा.