गोकूचा आवाज आजीबाईंचा?

प्रश्न : पोरगा ‘ड्रॅगन बॉल’ हे जपानी कार्टून पाहते अन् दिवसभर त्यातल्या हिरोच्या नावानं गोकू गोकू करते, अन् म्हणते त्याचा जपानी आवाज एका आजीचा आहे. खरंच का हो? – एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हो बाप्पा, खरंच! मासाको नोझावा, जन्म १९३६चा, अन् १९८६पासून गोकू त्याच बोलतात, वरून त्याची पोरं गोहान अन् गोतेन पण त्याच, म्हणजे बापलेक भांडले तरी माइकसमोर बाई एकच. १९६८च्या ‘गेगेगे नो कितारो’ या कार्टून सीरियलमधल्या कितारो या भूत-पोराचा आवाजही त्यांचाच. पोरांचे आवाज बायका देतात कारण खऱ्या पोराचा आवाज वयात येताना फुटते अन् सीरियल तर चालूच राहते ना. व्हिडिओ गेमसाठी आवाज देताना तर बहुतेकदा एकट्यानंच एकेक ओळ बोलायची, वरून किंचाळणं, मार खाल्ल्याचं कण्हणं. घसा पार बसते! पोराला या लाइनमध्ये जायचं असेल तर सावजी रस्सा जरा कमी द्या.