कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजला गांजाचं तेल दिलं तर साइड इफेक्ट होतात का?
होतात की. गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड हे तर कॉमन, पण वयस्कर माणसाचं खरं टेन्शन वेगळंच, रात्री बाथरूमला उठले की बीपी एकदम लो होऊन पडू शकतात, त्यात मॉर्फिन (दुखणं कमी करायचं जोरदार औषध) चालू असेल तर गुंगी अजून वाढते. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, जास्त झालं तर भास, घाबरणं, छातीत धडधड. पोटात घेतलेलं चढायला तास-दोन तास लागतात, लोकांना वाटतं काहीच झालं नाही आणि परत चार थेंब देतात, झाली मग गडबड! नुसतं सीबीडी, म्हणजे गांजातला नशा न आणणारा घटक, तेही अगदी सेफ नाही, वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. बरं फायदा म्हणाल तर ऑस्ट्रेलियात कॅन्सरच्या 144 पेशंटवर ट्रायल झाली, त्यात सीबीडी तेलाने प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) जास्त आराम काही पडला नाही. देणारच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.